पॉवर स्टिअरिंगची गळती : शोध आणि दुरुस्ती

मोटारगाडीचे कित्येक दोष गाजावाजा करीत येतात. चाक फुटलें तर आवाज होतो. इंजिन तापलें तर वाफ निघते. बॅटरी उतरली तर गाडी जागची हलत नाहीं. पॉवर स्टिअरिंगच्या तेलाची गळती मात्र मुक्यानें सुरू होते. सकाळीं गाडी काढल्यावर जमिनीवर रुपयाएवढा तांबूस डाग दिसतो. मालक टाकीचें झांकण उघडून बाटलींतलें थोडें तेल ओततो आणि कामास लागतो. आठवड्यानें पुन्हां तोच डाग आणि पुन्हां तेंच ओतणें. असे महिने जातात. आणि एके दिवशीं, नेमक्या अवघड वळणावर, हातांतलें चाक ओल्या दाण्यांवर अडलेल्या जात्यासारखें जड होऊन बसतें.

शहरांतील कुटुंबांस हा विषय परका वाटण्याचें कारण नाहीं. मुंबईच्या स्वयंपाकघरांत येणारे टोमॅटो अनेक वेळां जुन्नर तालुक्यांतील नारायणगांवच्या बाजारांतून निघालेले असतात. लहान मालवाहू पिकअप गाड्या ते भरून आळेफाट्यास येतात, ओतूरवरून पुढें माळशेज घाट उतरतात आणि कल्याणच्या बाजूनें वाशीच्या बाजारसमितींत पोंचतात. चालवणारा पुष्कळदां स्वतःच गाडीचा मालक असतो, आणि गाडीच्या कर्जाचा हप्ता त्याच गाडीच्या भाड्यांतून फेडावयाचा असतो. त्याच्या गाडीचें चाक रात्रीं घाटांत जड झालें तर त्याचा जीव धोक्यांत येतो, समोरून येणाऱ्यांचाही येतो. आणि गाडी नुसती अडून पडली तरी क्रेटांतला माल सकाळपर्यंत मऊ पडतो. ज्या गळतीचा आरंभ रुपयाएवढ्या डागापासून होतो तिचा शेवट असा होऊं शकतो. म्हणून तिचें निदान कसें करावें आणि तिच्यावर उपाय कोणता, हें थोडें बारकाईनें पाहणें इष्ट आहे.

प्रथम ही योजना मुळांत कशासाठीं निघाली तें पाहूं. गाडी उभी असतांना किंवा अगदीं मंद चालत असतांना पुढचीं चाकें वळविण्यास पुष्कळ बळ लागतें, आणि पुढच्या आंसावर जितका भार अधिक तितकें बळही अधिक. अमेरिकेंतील पिअर्स-ॲरो कंपनीच्या ट्रक-विभागांत काम केलेल्या फ्रान्सिस डेव्हिस या इंजिनिअरनें ट्रकचालकांचे हे कष्ट पाहिले होते. तेलाच्या दाबाची मदत चाकास देण्याची योजना त्यानें आंखली आणि १९२६ सालीं ती एका गाडीवर बसवून चालवून दाखविली. परंतु खर्च फार म्हणून मोटार-कारखानदारांनीं ती बराच काळ बाजूस ठेवली. दुसऱ्या महायुद्धांत चिलखती गाड्यांवर तिचा उपयोग झाला, आणि १९५१ सालीं क्रायस्लर कंपनीच्या इंपीरियल गाडींत ती सामान्य ग्राहकास मिळूं लागली. आज अनेक लहान मोटारींत तेलाऐवजीं विजेची मोटर हें काम करते. अमेरिकेंतील फोर्ड एफ-१५० या प्रसिद्ध पिकअप गाडीच्या बहुतेक प्रकारांतही २०११ पासून विजेची योजना आली. अशा गाडींत पॉवर स्टिअरिंगचें तेलच नसल्यामुळें पुढील विवेचन तिला लागू नाहीं. आपल्या गाडीची योजना तेलाची कीं विजेची, हें गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेंत पाहून घ्यावें.

तेलाच्या योजनेचे भाग मोजके आहेत. एक लहान टाकी. इंजिनाच्या पट्ट्यानें फिरणारा एक पंप. पंपाकडून स्टिअरिंगच्या यंत्राकडे दाबाचें तेल नेणारी एक मजबूत नळी. आणि काम झालेलें तेल टाकीकडे परत आणणारी दुसरी साधी नळी. चालक चाक फिरवूं लागला म्हणजे स्टिअरिंगच्या यंत्रांतील एक झडप ज्या बाजूस वळावयाचें त्या बाजूच्या कप्प्यांत तेल सोडते, आणि तें तेल तेथील दट्ट्यास रेटतें. कोंडलेल्या द्रवावरील दाब सर्व दिशांस सारखा पोंचतो, हा पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञाचा सतराव्या शतकांतला नियम शाळेंत शिकविला जातो. चाकास मिळणारी मदत त्याच नियमानें मिळते. चाक पुरतें एका बाजूस वळवून धरलें असतां हा दाब दर चौरस इंचास हजार पौंडांच्याही वर जातो. साध्या मोटारीच्या टायरांतील हवेचा दाब तीस-पस्तीस पौंड असतो. म्हणजे बोटाएवढ्या जाडीच्या त्या नळीला टायराच्या तीसपट दाब दिवसांतून शेंकडों वेळां सोसावा लागतो. ती कधींतरी झिरपूं लागली तर त्यांत नवल नाहीं.

आतां या सर्व प्रकरणांतील मुख्य गोष्ट. डिझेल जळतें, म्हणून तें संपतें. इंजिनांतील तेलही थोडेंबहुत जळतें. पॉवर स्टिअरिंगचें तेल कोठेंच जळत नाहीं. तें टाकींतून निघतें आणि टाकींतच परत येतें. थंड असतांना त्याची पातळी थोडी खालीं आणि तापल्यावर थोडी वर दिसते, एवढाच फरक. म्हणून थंड गाडींत थंडच्या खुणेशीं मोजलेली पातळी महिन्यामहिन्यास उतरत असेल तर तेल बाहेर जात आहे, याखेरीज दुसरा अर्थ त्यांतून निघत नाहीं. 'हें तेल लागतेंच' असें म्हणून बाटली जवळ बाळगणारा चालक रोगावर औषध करीत नसून रोग्यास उसनें रक्त पुरवीत असतो.

थोडा हिशेब करावा. गळतींतून मिनिटास एकच थेंब पडतो असें धरलें तर दिवसास १,४४० थेंब होतात. एका मिलिलिटरांत तेलाचे सुमारें तीस थेंब धरले तर दिवसाला ४८ मिलिलिटर आणि तीन आठवड्यांत सुमारें एक लिटर तेल गेलें. पुष्कळ गाड्यांच्या या सबंध यंत्रणेंत तेल असतें तेंच एक लिटरच्या आसपास. थेंब लहान असला तरी त्याची बेरीज लहान नसते.

निदानाची पहिली पायरी म्हणजे गळणारा द्रव कोणता हें ठरविणें. गाडीच्या पुढच्या भागाखालीं रात्रीं एक पांढरा पुठ्ठा पसरून ठेवावा आणि सकाळीं डाग पाहावा. नितळ पाणी असेल तर तें वातानुकूलन-यंत्राचें. त्याची काळजी नको. हिरवट, तांबडें किंवा नारिंगी, पाण्यासारखें पातळ आणि गोडसर वासाचें असेल तर तें रेडिएटरांतलें. काळें व चिकट असेल तर तें इंजिनाचें, कारण डिझेल इंजिनांत नवें तेलही थोड्याच दिवसांत काळें पडतें. चाकाच्या आंतल्या बाजूस किंवा ब्रेकच्या टाकीखालीं फिकट पिवळसर ओल दिसली, आणि तिनें रंग उचलला असेल, तर तें ब्रेकचें तेल समजावें आणि गाडी जागची हलवूं नये. पॉवर स्टिअरिंगचें तेल पुष्कळ गाड्यांत तांबडें असतें व जुनें झाल्यावर तपकिरी होतें. आपोआप गिअर बदलणाऱ्या गाडींतील गिअरचें तेलही तसेंच तांबडें असल्यामुळें तेथें घोंटाळा संभवतो. कांहीं कारखानदार मात्र स्टिअरिंगसाठीं फिकट किंवा हिरवट तेल वापरतात. म्हणून एकट्या रंगावर विसंबूं नये. टाकींतील तेलाशीं डाग ताडून पाहावा आणि टाकीची पातळी उतरली आहे काय हेंही पाहावें.

कानही येथें साक्ष देतात. तेल कमी झालें म्हणजे पंप तेलाबरोबर हवा ओढूं लागतो, आणि चाक वळवितांना कण्हल्यासारखा आवाज येतो. झांकण उघडून पाहिलें तर टाकींत फेस दिसतो. हा आवाज ऐकूनही गाडी तशीच हांकली तर पंपांतील पात्या वंगणावांचून झिजतात, आणि त्यांच्या झिजेची बारीक धातूची पूड पुढें स्टिअरिंगच्या यंत्रांत जाऊन बसते. मग एका साध्या नळीवर जें भागलें असतें त्याला पंप आणि यंत्र दोन्ही बदलण्याची वेळ येते.

दुसरी पायरी गळतीचें मूळ शोधण्याची. या ठिकाणीं बहुतेकांची फसगत होते. कारण थेंब जेथें पडतो तेथें दोष असेलच असें नाहीं. तेल वरून खालीं ओघळतें, आणि गाडी धांवत असतां वारा तें मागें ढकलतो. पंपाजवळ सुटलेलें तेल चेसिसच्या पट्टीवरून वाहत जाऊन हातभर मागें टपकतें. म्हणून खालून पाहूं लागण्यापूर्वीं सर्व भाग स्वच्छ करावा. थंड इंजिनावर तेल काढणारें द्रव्य लावून पुसावें, विजेच्या जोडण्यांवर पाण्याचा झोत मारूं नये, आणि भाग कोरडा करून टाकी खुणेपर्यंत भरावी. मग एकानें इंजिन मंद चालू ठेवून चाक सावकाश दोन्ही टोकांपर्यंत फिरवावें आणि दुसऱ्यानें विजेच्या दिव्यानें पाहावें. टोकास चाक पांच सेकंदांहून अधिक दाबून धरूं नये. तेल अतिशय तापतें आणि पंपावर ताण येतो. जेथें ओल सर्वांत उंच आणि सर्वांत पुढें दिसेल तेथें मूळ समजावें. गळती इतकी मंद असेल कीं कांहींच दिसत नाहीं, तर तेलांत मिसळण्याचा खास रंग मिळतो. गाडी एक-दोन दिवस चालवून अतिनील दिव्याखालीं पाहिलें म्हणजे तो रंग चकाकतो आणि गळतीची वाट स्पष्ट होते.

हें पाहतांना तीन गोष्टींची सावधगिरी हवी. पहिली, फिरता पट्टा आणि पंखा: बाही, उपरणें, ओढणी, मोकळे केस यांपैकीं कांहींही त्यांच्याजवळ जाऊं देऊं नये. दुसरी, इंजिन चालू असतां दाबाच्या नळीवरून उघडा हात कधींही फिरवूं नये. सुईच्या अग्राएवढ्या भोंकांतून सुटलेली तेलाची धार कातडी भेदून आंत शिरूं शकते. वरून जखम टोंचल्याएवढी दिसली तरी आंतली इजा गंभीर असते आणि रोग्यास तत्काळ रुग्णालयांत न्यावें लागतें. अशी धार शोधावयाची तर पुठ्ठ्याचा तुकडा नळीजवळ धरावा. तिसरी, तापलेला एक्झॉस्टचा नळ: हें तेल पेट घेणारें आहे. नळावर तेल पडून धूर येत असेल तर इंजिन तत्काळ बंद करावें आणि दुरुस्तीशिवाय तें पुन्हां सुरू करूं नये.

गळतीच्या जागा ठरलेल्या आहेत. सर्वांत साधी आणि नेहमींची जागा म्हणजे परतीची नळी. तिच्यांत दाब थोडा असतो. रबर उष्णतेनें कडक होऊन टोकाशीं चिरतें किंवा तिची क्लिप ढिली पडते. क्लिप आंवळून ओल थांबली तर ठीकच. रबर चिरलें असेल तर नळी बदलावी. नवी नळी तेल व उष्णता सोसणाऱ्या रबराचीच हवी. पाण्याची किंवा साध्या डिझेलची नळी कांहीं महिन्यांत फुगून सुटते.

दाबाच्या नळीची गळती बहुधा तिच्या दोन टोकांशीं, जेथें रबर धातूच्या कड्यांत दाबून बसविलेलें असतें तेथें, होते. या नळीला ठिगळ नसतें. तिच्यावर क्लिप आंवळणें, चिकटपट्टी गुंडाळणें किंवा मधला तुकडा कापून साधी नळी जोडणें हे प्रकार जिवाशीं खेळ आहेत. पूर्ण नळी नवी घ्यावी, किंवा योग्य दाबाची नळी हायड्रॉलिक होजच्या दुकानांत यंत्रानें टोकें दाबून करवून घ्यावी. जोडाचे तांब्याचे वॉशर किंवा ओ-रिंग प्रत्येक वेळीं नव्या घालाव्या. कित्येकदां दोष नळीचा नसून या चार आण्यांच्या वस्तूचाच असतो. जोड उघडण्यास नटाला सर्व बाजूंनीं धरणारा पाना वापरावा, नाहींतर मऊ धातूच्या कडा गोल होऊन सोपें काम अवघड होतें. नवी नळी जुन्याच वाटेनें न्यावी. एक्झॉस्टच्या नळास किंवा पट्ट्यास ती टेकली तर तीही लवकरच जाते.

पंपाच्या दांड्याचें ऑइल सील झिजलें असेल तर तेल पुलीच्या मागून निघतें आणि चक्राकार उडतें. तें पट्ट्यावर बसलें म्हणजे पट्टा घसरतो. आणि ज्या गाडींत त्याच पट्ट्यावर बॅटरी भरणारें यंत्र आणि पाण्याचा पंप फिरतात, तेथें एका सीलपायीं दिवे मंदावून इंजिनही तापतें. सील बदलण्यासाठीं पुली ओढून काढावी लागते. हातोड्यानें ती ठोकून काढणाऱ्याकडे हें काम देऊं नये. पंपाची टाकी पंपावरच बसविलेली असेल तर त्या दोहोंमधील ओ-रिंगही तपासावी.

राहिलें स्टिअरिंगचें यंत्र. तें दोन प्रकारचें असतें. एकांत दातेरी दांडी असते. तिला कारागीर रॅक म्हणतात. रॅकच्या दोन्ही टोकांस रबरी भाते असतात. भाता हलकेच दाबला असतां आंत तेल खुळखुळत असेल तर रॅकचें आंतलें सील गेलें असें खुशाल समजावें. भाता फाटलेला नसला तर तेल आंतच सांचतें आणि बाहेर डाग दिसत नाहीं. म्हणून पातळी उतरते पण डाग सांपडत नाहीं अशा गाडींत प्रथम भाते पाहावे. केवळ नवा भाता घालून हा दोष जात नाहीं. दुसऱ्या प्रकारांत बंद पेटी असते; तिच्या खालच्या दांड्याचें सील झिजलें कीं तेल दांड्यावरून खालीं उतरतें. या दोन्ही दुरुस्त्या जाणत्या कारागिराच्या आहेत. पेटीचा दांडा काढण्यापूर्वीं त्याची जागा खुणेनें निश्चित करावी लागते, आणि रॅक काढून बसविल्यावर चाकांचें अलाइनमेंट करून घ्यावें लागतें. तें टाळलें तर टायर एका कडेनें झिजून दुरुस्तीहून अधिक खर्च पदरीं पडतो.

बाजारांत गळती बंद करणारीं औषधें मिळतात. त्यांतील द्रव्यानें जुनें रबर थोडें फुगतें आणि झिरप कांहीं काळ थांबते. फुटलेली नळी, चिरलेलें सील किंवा घासलेला दांडा त्यानें बरा होत नाहीं. त्याहून मोठी चूक म्हणजे हातीं येईल तें तेल ओतणें. ब्रेकचें तेल स्टिअरिंगच्या रबराचा नाश करतें. आणि उलट, स्टिअरिंगचें खनिज तेल चुकून ब्रेकच्या टाकींत पडलें तर तेथील रबर फुगून ब्रेकच निकामी होऊं शकतात. दोन्ही टाक्या बॉनेटखालीं एकमेकींपासून फार दूर नसतात, हें ध्यानीं ठेवावें. तेल कोणतें घालावें हें पुस्तिकेंत किंवा टाकीच्या झांकणावर लिहिलेलें असतें.

दुरुस्ती झाल्यावर शेवटचें काम हवा काढण्याचें. मागच्या चाकांस ठोकळे लावावे, पुढचीं चाकें जॅकनें उचलावीं आणि गाडी पक्क्या आधारावर टेकवावी; नुसत्या जॅकवर विसंबून तिच्याखालीं कोणीही जाऊं नये. इंजिन बंदच ठेवून चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पंधरा-वीस वेळां सावकाश फिरवावें आणि टाकींतील तेल उतरेल तसें घालीत जावें. बुडबुडे थांबल्यावर इंजिन सुरू करून पुन्हां तसेंच करावें. तेल दुधाळ दिसत असेल तर हवा अजून आंत आहे. थोडा वेळ थांबून पुन्हां आरंभ करावा. या कामास घाई केली तर नव्या पंपासही जुन्यासारखें कण्हणें लागतें. निघालेलें जुनें तेल गटारांत किंवा मातींत न ओततां डब्यांत भरून वापरलेलें तेल घेणाऱ्याकडे द्यावें.

आणि दुरुस्तीपूर्वींच रस्त्यावर मदत गेली तर? अशा वेळीं एक गोष्ट चालकास आधींपासून ठाऊक असली पाहिजे. तेलाची मदत गेली तरी चाकापासून पुढच्या चाकांपर्यंतची लोखंडी जोडणी शाबूत असते; गाडी वळते, मात्र बळ फार लावावें लागतें. खरा धोका अचंब्याचा असतो. चाक एकाएकीं जड झालें असतां गोंधळलेला माणूस तें वळवावयाचें सोडून देतो. दोन्ही हातांनीं चाक घट्ट धरून वेग हळूहळू कमी करावा, कडेची सुरक्षित जागा पाहून थांबावें, आणि धूर दिसला तर इंजिन बंद करून गाडीपासून दूर व्हावें. टाकी रिकामी झाली असेल तर थोडेंसें तेल ओतून घाट उतरण्याचें साहस करूं नये; फुटलेल्या नळींतून तेंही पहिल्या वळणावरच जाईल.

ज्या घरीं स्वतःची गाडी आहे, अथवा ज्यांच्या दुकानाचा माल अशा पिकअप गाडींतून येतो, त्यांनीं एक लहानशी वही ठेवावी. महिन्यांतून एका ठरलेल्या दिवशीं, गाडी सपाट जागीं उभी व थंड असतां, टाकीची पातळी पाहून ती तारखेसह टिपावी. दोन महिन्यांच्या नोंदी शेजारीं ठेवल्या म्हणजे शंकेस जागा राहत नाहीं. पातळी उतरली असेल तर बाटली आणण्यापूर्वीं पुठ्ठा पसरावा. गाडी चालविणारा नोकर असेल तर डाग दिसल्याचें त्यानें सांगावें यासाठीं त्याला अभय द्यावें; कारण दोष आपल्यावर येईल या भीतीनें पुष्कळ चालक मुकाट्यानें तेल ओतीत राहतात, आणि मालकास गळतीची बातमी घाटांतून येते.